कंट्रोल + आल्ट + इटियाडोह

तलाव, जंगल, पक्षी हे सगळं आहेच. पण गोंदिया जिल्ह्याच्या या कोपऱ्यात लोक कॉम्प्युटरकडे काय मागतात, ते एकदा ऐकून या. आपली विशलिस्ट रीस्टार्ट होते, गॅरंटी!

ऑफिसच्या कँटीनमध्ये एक प्रश्न टाकून बघा. 'तुझ्या कॉम्प्युटरमध्ये एकच सुधारणा करून मिळणार असेल, तर काय मागशील?' बस्स! समोरच्याचा चहा थंड होईल, पण यादी संपणार नाही. बॅटरी दोन दिवस टिकली पाहिजे. ऐन प्रेझेंटेशनच्या वेळी अपडेट सुरू होता कामा नये. पंख्याचा आवाज नको. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून एक नवीन मागणी जोरात आहे : बाबांनो, धडधाकट चालणारं मशीन भंगारात काढायला लावू नका!

हाच प्रश्न सॅकमध्ये टाकून मी इटियाडोहला गेले. आता म्हणाल, कॉम्प्युटरचं बोलायचं तर हिंजवडीला जा, धरणावर कशाला? कारण सोपं आहे. या एका जलाशयाच्या आसपास सरकारी कागदाची मराठी आहे, घराघरात बोलली जाणारी झाडीबोली आहे, तिबेटी आहे आणि गोंडी आहे. एवढ्या भाषा जिथे एकाच बाजारात भाजी घेतात, तिथली विशलिस्ट आपल्यासारखी कशी असेल?

आधी धरण तर बघू!

साकोली सोडून नवेगावबांधच्या दिशेला वळलात की शहर मागे पडतं आणि धान सुरू होतो. दिवाळीच्या आगेमागे गेलात तर कापणीचा हंगाम, रस्त्याच्या कडेला भाताच्या पेंढ्या आणि हवेत तो ओलसर गोड वास. वाटेत नवेगावबांधचा तलाव लागतो. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असं सांगतात. तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं इकडे कुणी नाही. मारुती चितमपल्ली यांचं लेखन वाचलं असेल तर नवेगाव तुम्हाला आधीच भेटलेलं असणार. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी इथलं जंगल पायाखाली घातलं होतं.

इटियाडोह त्या मानाने तरुण. गाढवी नदीवरचं हे मातीचं धरण १९७० चं. उंची साधारण ३० मीटर, लांबी ५०० मीटरच्या आसपास. कालव्यांचं पाणी गोंदियापुरतं थांबत नाही, पुढे गडचिरोलीच्या देसाईगंज, आरमोरीकडच्या शेतांपर्यंत जातं. भरल्या पावसाळ्यात धरण 'ओव्हरफ्लो' झालं की पंचक्रोशीतली बाइक इथे उभी असते. मी गेले तेव्हा तसला धबाबा नव्हता. पाणी काठोकाठ आणि गप्प. पलीकडे टेकड्यांची निळी रेघ. फोनवर नेटवर्कची एक काडी, तीही येऊन-जाऊन. आठवडाभर इनबॉक्सनं पिडलेल्या जिवाला आणखी काय हवं?

दोन तास नुसती बसून राहिले. मग प्रश्न आठवला.

अर्धा फॉर्म जाऊ नये

अर्जुनी मोरगावच्या बाजारात ऑनलाइन कामं करून देणारं एक दुकान सापडलं. उताऱ्यापासून परीक्षेच्या फॉर्मपर्यंत सगळं. एक टेबल, एक प्रिंटर, भिंतीवर देव, देवाखाली यूपीएस. चालवणारा पोरगा पंचविशीतला. त्याला मी कँटीनमधली आपली यादी वाचून दाखवली. तो हसला.

'तुमची यादी मोठी हाय, ताई. आपली लहान. लाइट गेली तरी अर्धा भरलेला फॉर्म गेला नाई पायजे. बस!'

दुसरी मागणी? 'उन्हाळ्यात मशीन बंद पडू नये.'

हे वाक्य आपण एसीत बसून ऐकतो तेव्हा साधं वाटतं. पण आकडा बघा. मॅकबुकच्या माहितीपत्रकात वापरासाठी तापमानाची मर्यादा लिहिलेली असते : १० ते ३५ अंश सेल्सिअस. पूर्व विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर सहज असतो, ४५ लाही शिवतो. म्हणजे वर्षातले काही आठवडे इथलं साधं दुकान कंपनीनं धरलेल्या जगाच्या बाहेरच असतं! जास्त तापलं की प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. आपण म्हणतो 'हँग झालं'. ते बिचारं घामाघूम झालेलं असतं.

असं हार्डवेअर बनतच नाही का? बनलं होतं की! 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा तो हिरवा-पांढरा छोटा लॅपटॉप आठवतोय? भारतातला त्याचा सुरुवातीचा प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत झाला. त्या यंत्रात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, वीज अगदी थोडी लागायची आणि भर उन्हात स्क्रीन वाचता यायचा. तो प्रकल्प जगभरात जेवढा गाजला तेवढा पसरला नाही. पण पंखा नसलेला, बॅटरी पुरवून वापरणारा लॅपटॉप आज आपण कॉफी शॉपमध्ये मिरवतो. गावासाठी मागितलेली गोष्ट शहराला मिळाली, गाव अजून यूपीएसवर आहे.

शेतकऱ्याच्या डोक्यावरचा र

तिसरी मागणी त्यानं सगळ्यात शेवटी सांगितली, आणि मला तीच सगळ्यात भारी वाटली. 'नाव बरोबर उमटावं.'

इथे दिवसभर नावंच टाइप होतात. शेतकऱ्याचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव. एक मात्रा इकडची तिकडे झाली की बँकेत एक माणूस आणि सात-बाऱ्यावर दुसरा माणूस. डिजिटल सहीचा सात-बारा १ मे २०१८ पासून ऑनलाइन मिळायला लागला, रांग कमी झाली, हे मोठंच काम झालं. पण त्यासाठी आधी कॉम्प्युटरला मराठी नीट यावी लागते. आणि ती यायला किती वर्षं गेली, हे आपल्या पिढीला माहीतच नसतं.

थोडक्यात सांगते, बोअर होणार नाही. ऐंशीच्या दशकात भारतीय लिपीसाठी कॉम्प्युटरमध्ये वेगळं कार्ड खोचावं लागायचं, जिस्ट कार्ड. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं हे काम पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. इनस्क्रिप्ट कीबोर्ड १९८६ चा. १९९१ मध्ये युनिकोडचा पहिला खंड आला, त्यात देवनागरी होती. पण प्रत्यक्षात डीटीपीवाल्यांकडे प्रत्येक फॉन्टचा वेगळा संसार! एका फॉन्टमधली लग्नपत्रिका दुसऱ्या मशीनवर उघडली की चिनी कोडं. मग विंडोज २००० मध्ये 'मंगल' फॉन्ट आला. एक्सपीचे दिवस आठवा : कंट्रोल पॅनल, रीजनल सेटिंग, 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकोनात टिक, मग कुठेतरी हरवलेली सीडी शोधा, मग रीस्टार्ट. एवढं करून 'नमस्कार' उमटलं की डोळ्यात पाणी.

तरी एक खडा राहिलाच. 'शेतकऱ्यांना' या शब्दातला तो वाकडा, पापणीसारखा र. तो हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो. ज्या सॉफ्टवेअरला किंवा फॉन्टला तो माहीत नसायचा, तिथे रफार चढायचा आणि शब्द व्हायचा 'शेतकर्यांना'. गंमत म्हणून ठीक आहे, आचाऱ्याला दिलेली ऑर्डर आचार्यांना पोहोचते! पण धानाच्या तालुक्यात, जिथे अर्ध्या कागदांवर हाच शब्द असतो, तिथे तो चुकीचा छापणं म्हणजे ज्याच्यासाठी कागद काढला त्याचंच नाव मोडणं.

आणखी एक अक्षर घ्या : 'ॲ'. ॲप, ॲसिड, ॲडमिशन. हिंदीवाले 'ऐप' लिहून मोकळे होतात, आपल्याला ते खटकतं. हे अक्षर स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आलं ते २००८ साली, ५.१ आवृत्तीत. तोवर अ काढून त्यावर चंद्र चिकटवायचा जुगाड. देवनागरी १९९१ पासून आत, आणि मराठीचं 'ॲ' सतरा वर्षांनी!

कॅम्पात तिबेटीचा तास

आता चला धरणाजवळच्या गोठणगावकडे. धानाच्या शेतांवर अचानक रंगीत पताका फडफडायला लागतात आणि तुम्हाला वाटतं, आपण झोपेत लडाखला पोहोचलो की काय! ही नोर्ग्येलिंग, १९७२ मध्ये वसलेली तिबेटी निर्वासितांची वसाहत. इकडे सगळे 'तिबेट कॅम्प' म्हणतात. थंडीत तुमच्या शहरातल्या फुटपाथवर स्वेटर विकायला बसतात ना, ती माणसं देशभरातल्या अशाच वसाहतींमधून येतात. त्यामुळे सीझनमध्ये कॅम्पात जास्त करून म्हातारी माणसं आणि मुलं.

एका घराच्या ओट्यावर एक आजीबाई माळ ओढत बसल्या होत्या. मोठ्या बाईला आदरानं 'आमाला' म्हणायचं, हे मला शेजारच्या पोरीनं शिकवलं. पोरगी कॉलेजातली, हिंदी-मराठी फर्डी. तिनं प्रश्न तिबेटीत सांगितला. आमाला खूप वेळ काहीतरी बोलल्या. भाषांतर एका ओळीचं आलं : 'नातू परदेशात आहे. तो फोनवर इंग्लिश अक्षरांत तिबेटी लिहितो. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत. त्यानं आपल्या अक्षरांत लिहावं.'

मी म्हटलं, पण आता तर फोनमध्ये तिबेटी कीबोर्ड असतो! पोरगी म्हणाली, 'असतो हो ताई. पण त्याला सवय इंग्लिशची लागली. कीबोर्ड यायला उशीर झाला ना.'

किती उशीर, ते बघा. तिबेटी लिपी मुळात आपलीच पाहुणी. सातव्या शतकाच्या सुमाराला भारतीय लिपीवरून घडलेली. वर्णमाला सुरू होते क, ख, ग, ङ, मग च, छ, ज, ञ. ऐकून आपण ओळखीचं हसतो. फरक असा की तिची अक्षरं एकाखाली एक रचली जातात. 'आठ' या आकड्याचा शब्द लिहायला ब, र, ग, य, द अशी पाच अक्षरं लागतात, त्यातली र, ग, य एकमेकांच्या खाली, आणि उच्चार मात्र नुसता 'ग्ये'च्या जवळपास! ही उतरंड कॉम्प्युटरला समजावणं सोपं नव्हतं. १९९१ च्या युनिकोडमध्ये तिबेटी आली, १९९३ च्या आवृत्तीतून काढून टाकली गेली, आणि नव्या पद्धतीनं १९९६ मध्ये परत आली. पण यादीत नाव आलं म्हणजे स्क्रीनवर अक्षर आलं असं नाही. विंडोजमध्ये घरचं तिबेटी मिळालं व्हिस्टाबरोबर, २००७ च्या जानेवारीत. फॉन्टचं नाव 'मायक्रोसॉफ्ट हिमालया'. त्याच वर्षी ॲपलच्या लेपर्डमध्ये आलं, आणि आयफोनवर कीबोर्ड यायला २०१० चा नोव्हेंबर उजाडला. तोवर नातू परदेशी जाऊन इंग्लिश अक्षरांत लिहायला शिकलेला असतो.

मधल्या काळात लोक हात जोडून बसले नव्हते. कर्नाटकात बायलाकुप्पेच्या सेरा मठातल्या लोबसांग मोन्लाम या भिक्षूनं स्वतःच कॉम्प्युटर शिकून तिबेटी फॉन्ट बनवले. पुढे त्यांच्या संस्थेनं २२३ खंडांचा तिबेटी कोश केला, तो २०२२ मध्ये प्रकाशित झाला. आपण ज्याला 'युजर' म्हणतो ना, तो हा असा.

अजून एक बारीक गोष्ट. विंडोजच्या भाषांच्या यादीत तिबेटीपुढे कंसात देशाचं नाव चीन. जो माणूस गोठणगावला जन्मला, ज्यानं तिबेट कधी पाहिलंही नाही, त्यानंही आपली भाषा निवडताना तोच कंस क्लिक करायचा. लिनक्सच्या यादीत मात्र 'तिबेटी (भारत)' असाही पर्याय आहे. तुमच्या-माझ्यासाठी ही एक सेटिंग. या ओट्यावर बसून ऐकलं की तो पत्त्याचा प्रश्न होतो.

पानी, डोरा आणि लाल रेघ

परत येताना चहाच्या टपरीवर गप्पा रंगल्या. इकडची झाडीबोली कानाला इतकी गोड! तिच्यात ण नाही, ळ नाही. पाणी 'पानी', डोळा 'डोरा'. शेजारचं देसाईगंज म्हणजे वडसा, झाडीपट्टी नाटकांची पंढरी. दिवाळीनंतर गावोगाव रात्रभर नाटकं रंगतात. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीच्या अभ्यासाला आयुष्य दिलं.

पण हीच बोली कॉम्प्युटरवर टाइप करा. प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली लाल रेघ! गूगलनं ऑगस्ट २०१७ मध्ये मराठीत बोलून टाइप करायची सोय दिली, भन्नाट काम केलं. पण मशीनच्या कानाला पुस्तकी मराठीची सवय. टपरीवरच्या काकांचं म्हणणं, 'त्याले आमचं बोलनं सुद्द करायची लय हौस हाय जी.' सगळे खो खो हसले. मीही हसले. पण विचार करा, शाळेत मास्तर, नोकरीत साहेब आणि आता खिशातला फोनसुद्धा तुमची बोली दुरुस्त करत असेल, तर ती टिकणार कशी?

आणि गोंडी? गोंडांची मोठी यात्रा याच जिल्ह्यात, सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला भरते. शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातले मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये ती 'मसराम गोंडी' या नावानं आली २०१७ साली. नव्व्याण्णव वर्षांनी!

विश पूर्ण होते कशी?

आता एक छोटा हिशेब. रुपयाचं नवं चिन्ह सरकारनं १५ जुलै २०१० ला मंजूर केलं. डी. उदय कुमार यांचं डिझाइन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते युनिकोडमध्ये होतं. म्हणजे तीन महिने. मराठीचं 'ॲ' : सतरा वर्षं. मसराम गोंडी : नव्व्याण्णव वर्षं. कारणं वेगवेगळी आहेत, मान्य. चिन्ह एकच होतं, लिपी मोठी असते, युनिकोड स्वतःच १९९१ चं. तरी एक गोष्ट उरतेच. मागणी तीच, दरवाजाही तोच. मागे सरकार उभं असेल तर तो झटकन उघडतो, मूठभर माणसं असतील तर बराच वेळ वाजवावा लागतो.

चांगली बातमी ही, की दरवाजा सगळ्यांसाठी आहे. नवीन अक्षराचा प्रस्ताव युनिकोडकडे कुणीही पाठवू शकतो. त्यासाठी कंपनीचा मालक असावं लागत नाही. लागतात ते पुरावे : हे अक्षर कुठे छापलंय, कोण वापरतं, कसं उमटलं पाहिजे. फॉन्ट, शब्दसूची, फुकटच्या सॉफ्टवेअरची भाषांतरं, बोलीतल्या आवाजाची रेकॉर्डिंग, यातली बरीच कामं लोक फावल्या वेळात करतात. आपल्यातल्या निम्म्या जणांचं पोट कोडिंगवर, टेस्टिंगवर, डिझाइनवर चालतं. बॅटरी दोन दिवस टिकावी ही मागणी कंपन्या तशाही ऐकणार आहेत, तिच्यामागे आपला क्रेडिट कार्ड उभा आहे. 'अर्धा फॉर्म जाऊ नये', 'डोरा या शब्दाखाली लाल रेघ नको', 'नातवानं आपल्या अक्षरांत लिहावं' या मागण्यांमागे कुणीतरी उभं राहायला हवं. ते काम आपल्याला येतं. पुढचा फॉर्म डिझाइन कराल तेव्हा मधेच सेव्ह होणारा करा. पुढचं ॲप टेस्ट कराल तेव्हा त्यात 'शेतकऱ्यांना' टाइप करून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, बॉस!

कसं जाल? कधी जाल?

नागपूरहून भंडारा, साकोली, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव आणि मग गोठणगाव, अशी वाट. गाडीनं तीन-साडेतीन तास धरा. रेल्वेनं यायचं तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरचं अर्जुनी स्टेशन गाठा. लक्षात ठेवा, या भागात दोन अर्जुनी आहेत. हायवेजवळची सडक अर्जुनी वेगळी, तुम्हाला हवी ती अर्जुनी मोरगाव!

धरण फुल्ल बघायचं तर ऑगस्ट-सप्टेंबर. निवांत हवा, पक्षी आणि सोनेरी धान हवा असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जोडीला करा, सफारीचं बुकिंग आधी करून ठेवा. प्रतापगडचा डोंगरही जवळच, महादेव आणि दर्गा दोन्ही एकाच पायथ्याशी. जलाशयात पोहण्याचं धाडस नको. कॅम्पात फोटो काढण्याआधी विचारा. परदेशी मित्र बरोबर असेल तर तिबेटी वसाहतीत राहण्यासाठी त्याला परमिट लागतं. पॉवर बँक न्या. आणि दोन दिवस लॅपटॉप घरीच राहू द्या, त्यालाही कधीतरी थंड होऊ दे!